निरगाठ आणि सुरगाठ

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही चौघे मुंबई बंदरातून चोवीस फुटी शिडाच्या बोटीने निघालो. मी, बायको, बारा वर्षांची लेक आणि सुकाणूवर आमचा जुना मित्र. जमिनीकडून येणारा मतलई वारा पडला आणि अकराच्या सुमारास वायव्येचा ताजा वारा शिडात भरला. थळसमोर खांदेरी दिसत होती. शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रजांच्या आरमाराला न जुमानता हा किल्ला बांधला, असं मी लेकीला सांगत होतो.

"बाबा, टोपी!"

तिची टोपी पाण्यात पडली होती. मित्र ओरडला, "माणूस पडलाय समजा! रिंग टाक!"

बुडणाऱ्याला टाकायची तरंगती रिंग मागच्या कठड्यालाच होती, पण निरगाठींनी बांधलेली. खाऱ्या पाण्याने नायलॉनची दोरी इतकी आवळली होती की नखं लागेनात. पाण्यातल्या माणसाकडे फेकायच्या दोरीची, म्हणजे फेकदोरीची, पिशवी बाकाखालच्या कप्प्यात, नांगराच्या साखळीखाली, आणि त्या कप्प्याच्या झाकणावर बायको बसलेली. लेकीच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. आम्ही मोठ्यांनी उकडतं म्हणून काढून केबिनमध्ये टाकलेली, शिडांच्या पिशव्यांमागे.

गाठी सुटायला पाऊण मिनिट लागलं. बोट पाच नॉटने चालली होती, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. टोपी शंभर मीटरच्याही मागे गेली आणि दिसेनाशी झाली. आमची फेकदोरी वीस मीटरची. म्हणजे ती आठ सेकंदांच्या आत हातातून सुटायला हवी होती. टोपीच्या जागी लेक असती तर, हा विचार मला मांडव्यापर्यंत सोडेना.

मांडव्याला नांगर टाकला आणि जेवणाआधी बोटीतलं सगळं सामान उपसलं. रिंगला सुरगाठ मारली, एक टोक ओढलं की मोकळी. फेकदोरी वेटोळी न करता हाताने पिशवीत कोंबली, कारण तशी भरली तरच फेकताना ती न अडकता सुटत जाते. पिशवी सुकाणूजवळ टांगली. मागची शिडी तर वरून करकचून बांधलेली होती! पाण्यातला दमलेला माणूस ती कशी उघडणार? तिला पाण्यातून ओढता येईल अशी दोरी लावली. वायरलेस केबिनमधून काढून मित्राच्या खिशात आला, संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनेल १६ वर. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सगळ्यांनी पाठ केला. जॅकेटं अंगात, शिट्ट्या बाहेर.

परतताना वारा तोंडावर, बोट चांगलीच कललेली. सरावासाठी, माणूस पडलाय समजून, वीस लिटरचा कॅन अर्धा भरून पाण्यात टाकला. अर्धा भरलेला, कारण रिकामा वाऱ्याने पळतो. लेकीचं काम एकच होतं: कॅनवरून नजर आणि त्याच्याकडे रोखलेलं हाताचं बोट हलवायचं नाही. पहिल्या खेपेला आम्ही जोरात येऊन पुढे निघून गेलो. दुसऱ्या खेपेला मी वळून पाहीपर्यंत बायकोने रिंग टाकलीसुद्धा होती. शीड सैल सोडून हळूहळू कॅनपाशी पोचलो. चार मिनिटं लागली. तेवढा वेळ लेकीचा हात खाली आला नव्हता.

गेटवे दिसू लागलं तेव्हा रिंग अजून ओलीच होती. तशीच कठड्याला लावली, सुरगाठ मारून.