दुसरी सही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जिन्यात विचारता, मुंजीच्या पंगतीत विचारता, परवा बँकेच्या रांगेत विचारलंत: "अहो, त्या मणिपूर-नागालँडच्या पोरांसाठी आणि त्या आफ्रिकन विद्यार्थ्यांसाठी तुम्ही एवढे का धावता? ती काय आपली माणसं आहेत?" दर वेळी मी काहीतरी पुटपुटतो आणि विषय बदलतो. आता एकदाच सगळं सांगतो.

धावतो म्हणजे फार काही करत नाही. फ्लॅट बघायला त्यांच्याबरोबर जातो, कारण फोनवर रिकामा असलेला फ्लॅट चेहरा दिसला की "आत्ताच गेला" होतो. परदेशी विद्यार्थी असेल तर घरमालकाला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरावा लागतो. मालक त्याला घाबरतात, म्हणून शेजारी बसून भरून देतो. एजंट "कुठली पार्टी आहे?" असं विचारतो तेव्हा त्याला विचारतो, भाडं वेळेवर येणार असेल तर हे कशाला हवं? बस्स. यात थोर असं काही नाही.

पण सुरुवात कुठून झाली, ते तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत आहे आणि कोणीच बोलत नाही.

२६ मार्च २०२०. लॉकडाऊनचा दुसरा दिवस. बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर मणिपूरची एक मुलगी भाड्याने राहत होती, एका हॉस्पिटलात नर्स होती. आदल्या वर्षी माझ्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा पंधरा दिवस ड्यूटीला जाता-येता हीच मुलगी तिच्या डोळ्यांत थेंब घालून जायची. पैसे विचारले तर हसली होती. आता सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एकच चाललं होतं, "ती चायनीज हॉस्पिटलातून रोज काय घेऊन येते कोण जाणे." अध्यक्षांचा फोन आला, सेक्रेटरी म्हणून पत्र तुम्ही काढा. मी काढलं. 'सभासदांच्या आरोग्याच्या दृष्टीने आपण तातडीने सदनिका रिकामी करावी.'

पुण्यात ९ मार्चला कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले, ते दुबईची सहल करून आलेले होते. त्याच सुमारास आमच्या सी विंगमधलं एक कुटुंबही दुबईहून परतलं होतं. त्यांना पत्र गेलं नाही. त्यांच्या दाराशी आम्ही रोज दुधाच्या पिशव्या ठेवत होतो.

सकाळी साडेआठला ती रात्रपाळी करून आली. गालांवर मास्कचे वळ होते. वॉचमनने तिला गेटवरच थांबवलं आणि मला खाली बोलावलं. पत्र मराठीत होतं, म्हणून मीच तिला हिंदीत समजावून सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. कागदाची चौघडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "अंकल, इसकी एक कॉपी और मिलेगी? मेट्रन को दिखानी पड़ेगी, तभी हॉस्टल में जगह मिलेगी."

झेरॉक्सची दुकानं बंद. मी वर गेलो, घरच्या प्रिंटरवर पत्र पुन्हा काढलं. शाई संपत आली होती, अक्षरं फिकट आली. सही केली. शिक्का मारला, तो नीट उमटला नाही म्हणून शेजारी पुन्हा मारला. मग खाली येऊन तिला दिलं. तिने "थँक यू अंकल" म्हटलं.

पहिली सही दबावाखाली केली असं मी आजवर सांगत आलो. अध्यक्ष होते, ग्रुप होता, भीती खरी होती, कोणालाच काही कळत नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण दुसऱ्या सहीच्या वेळी घरात मी एकटा टेबलाशी बसलो होतो. मागे कोणी उभं नव्हतं.

संध्याकाळी हॉस्पिटलची गाडी आली. दोन बॅगा आणि एक राइस कुकर. बायकोला खाली जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही.

"ती फक्त भीती होती, त्यात वंशवाद कुठे आला?" असंही तुम्ही विचारता. मीही हेच म्हणायचो. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा माझा भाचा मेलबर्नला होता. मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं, त्यात 'गोऱ्यांच्या रक्तातला वर्णद्वेष' असे शब्द होते. तिथल्या पोलिसांनी हल्ल्यांना साधी लूटमार म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आणि ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांनी घाबरलेली ईशान्येची हजारो मुलं पुणे स्टेशनवरून गाड्या भरभरून परत गेली, तेव्हा मी काय लिहिलं? काहीच नाही. अफवेने घाबरली, येतील परत, एवढंच म्हणालो. त्या माणसाशी मला आज बोलता आलं असतं तर विचारलं असतं, तुझा भाचा घाबरला की तो वंशवाद आणि ही पोरं घाबरली की अफवा, हे कसं?

कोणी म्हणतात, आपल्याकडे जात आहे, वंशाचं काय घेऊन बसलात. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्यांना या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या नाहीत.

कायद्याची वाट बघू नका. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलचा निडो तानिया दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये केसांवरून चेष्टा, मग मारहाण, अशा प्रकारात जीवानिशी गेला. त्यानंतर ईशान्येच्या लोकांच्या तक्रारी बघायला सरकारने बेझबरुआ समिती नेमली. तिने दंड संहितेत वांशिक शेरेबाजीविरुद्ध नवी कलमं घालायला सांगितलं. ती कलमं त्या संहितेत आली नाहीत आणि १ जुलै २०२४ ला ती संहिताच इतिहासजमा झाली. आपल्या गेटवर काय होतं ते आपल्याच हातात आहे. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवताना सभासदाने आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी लागत नाही. तो कुठल्या प्रांतातला, कसा दिसतो हे ठरवायचा अधिकार कमिटीला नाही. तसा ठराव २०२१ मध्ये मी मांडला, पडला. पुढच्या वर्षी चार मतांनी झाला.

आणि मी बदललो का? गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये सुदानचा एक मुलगा शिरला, उंच, हातात पुस्तकं. माझा हात पाकिटाच्या खिशावर गेला. त्याने ते पाहिलं आणि दिव्यांकडे बघत उभा राहिला. अजून जातो हात. मुलगी म्हणते, बाबा, हे सगळं तुम्ही स्वतःला बरं वाटावं म्हणून करता. असेलही. तरी त्या पोरांना फ्लॅट मिळतो.

त्या नर्सचा नंबर माझ्याकडे आहे. २०२१ मध्ये माफीचा मेसेज पाठवला. तिने वाचला, उत्तर दिलं नाही. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं, तेव्हा पुन्हा लिहिलं, कुठे आहेस, घरचे बरे आहेत ना. तिकडे इंटरनेट बंद होतं. कित्येक आठवडे एकच टिक दिसत होती. मग एक दिवस उत्तर आलं: "सेफ." त्यावर काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

रविवारी अकराला सभा आहे. पाचवा विषय तुम्ही वाचला असेलच: भाडेकरू ठेवण्याआधी कमिटीने त्याची मुलाखत घ्यावी. मी विरोधात बोलणार आहे. त्या पत्राची कार्यालयीन प्रत अजून फाइलमध्ये आहे, ती मी सगळ्यांसमोर वाचणार आहे, खालच्या सहीसकट. बायकोने एवढंच सांगितलंय की वाचताना त्या मुलीचं नाव घ्यायचं नाही.