बीचवूड बेटावरचा पाटील

ई. लॉकहार्ट यांच्या ‘वी वेअर लायर्स’वरची मालिका २०२५ मध्ये प्राइम व्हिडिओवर आली आणि २०१४ ची मूळ कादंबरी पुन्हा चर्चेत आली. घरात कुणी मागितली तर खुशाल घेऊन द्या, दोन बैठकांत संपते. फक्त तिच्यात एक पाटील आहे म्हणून हुरळून जाऊ नका.

गोष्ट घडते अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज विनयार्ड या बेटाशेजारी, बीचवूड नावाच्या काल्पनिक खाजगी बेटावर. मालक हॅरिस सिंक्लेअर. त्याचं मोठं घर, तीन मुलींना एकेक घर, आणि उन्हाळाभर सगळा गोतावळा तिथेच. आईच्या मागे तिच्या वस्तूंवरून या मुली भांडतात आणि म्हाताऱ्याची मर्जी राखायला नातवंडांना पुढे करतात. हा भाग झकास जमलाय. वाटण्या झालेल्या कुठल्याही वाड्यात शोभला असता.

घोडं पेंड खातं ते गॅट पाटीलपाशी. थोरल्या मुलीच्या मित्राचा हा पुतण्या, नायिका कॅडन्सचं प्रेम. आजोबांना तो खुपतो, पण तोंडावर सगळं गोडगोड. गॅट स्वतःला हीथक्लिफ (‘वदरिंग हाइट्स’मधला उपरा नायक) म्हणवतो, अन्यायावर बोलतो. पण या पाटलाच्या घरी काय शिजतं, काय बोलतात, याचा फारसा पत्ता लागत नाही. मराठी की कानडी, तेही नाही. श्रीमंतांना अपराधी वाटावं एवढ्यापुरताच तो बेटावर येतो.

भाषेचंही तेच. वडील घर सोडून जातात तेव्हा ‘त्यांनी माझ्या छातीत गोळी घातली’, असं कॅडन्स सांगते आणि क्षणभर ते खरंच वाटतं. पहिल्यांदा चपखल. मग रक्त वारंवार वाहू लागतं, ओळी मध्येच तुटतात, आणि खरा आघात येतो तोवर वाचणारा बधिर झालेला असतो. शेवट फोडत नाही, पण तो कॅडन्सच्या विस्मृतीवर उभा आहे. रहस्य टिकवायचं म्हणून बाकीच्या मुलांना मोकळेपणी बोलताच येत नाही, आणि ती पुसट होत जातात.

नोकरांची वेगळी इमारत कादंबरीत आहे, लेखिका आत मात्र शिरत नाही. खऱ्या विनयार्डवर (किनाऱ्यावरच्या वुड्स होल बंदरातून बोटीने पाऊण तास) मोठी ब्राझिलियन वस्ती आहे. उन्हाळ्यात घरमालक पाहुण्यांकडून चढं भाडं घेतात आणि बारमाही भाडेकरूंना बिऱ्हाड हलवावं लागतं. शेजारचं नौशॉन बेट एकोणिसाव्या शतकापासून फोर्ब्स कुटुंबाकडे आहे. ते घेणारे जॉन मरे फोर्ब्स चीनच्या व्यापारातल्या रसेल कंपनीचे भागीदार, आणि ती कंपनी चहाबरोबर अफूही विकायची. एवढा ऐवज हाताशी असताना पुस्तकात पैसा येतो तो पडद्यावरच्या रंगवलेल्या बंगल्यासारखा.

‘फॅमिली ऑफ लायर्स’ (२०२२) ही आधीच्या पिढीची गोष्ट, पण ती पहिल्या पुस्तकाचा शेवट उघड करते. काळाच्या क्रमाने वाचायच्या फंदात पडू नका, २०१४ ची आधी.