नेट फास्ट, तरी टीव्हीवर चित्र धुरकट

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी आणि पार्किंग सोडलं तर सगळ्यात जास्त कुरकुर नेटवरून चालते. रात्री साडेनऊ वाजले की कोणीतरी टाकतंच, "कोणाकोणाचं नेट स्लो आहे?" मग खाली अंगठ्यांची रांग लागते आणि सल्ला ठरलेला, प्लॅन वाढवा. आमच्या बाबांनी तेच केलं. १०० एमबीपीएसचा (नेटच्या वेगाचं माप) २०० केला, वर्षाचे पैसे एकदम भरून, आणि त्याच संध्याकाळी मॅच लावली तर बॅट्समनचा चेहरा कुठला आणि हेल्मेट कुठलं तेच कळेना.

आता हिशेब बघा. नेटफ्लिक्सवाले स्वतःच सांगतात की साध्या एचडीला म्हणजे ७२०पी ला ३ एमबीपीएस, फुल एचडीला म्हणजे १०८०पी ला ५ आणि त्याहून बारीक चित्राच्या ४के ला १५ पुरतात. म्हणजे घरात एकाच वेळी तीन टीव्हींवर ४के लावलं तरी ५० च्या आत काम होतं. मग १०० च्या प्लॅनवर चित्र धुरकट दिसत असेल तर २०० ने काय होणार आहे? नेट घरात येतंय, ते टीव्हीपर्यंत पोचत नाहीये. त्यामुळे मोजायचं ते टीव्हीवर. फोनवरचा स्पीडटेस्ट फोनबद्दल सांगतो, टीव्हीबद्दल काहीही सांगत नाही.

नेटवाल्याचा मुलगा आला होता तेव्हा त्याने नेमकं हेच केलं. राउटरच्या खाली उभा राहिला, फोन काढला आणि म्हणाला, "बघा काका, ९३ येतंय, नेट एकदम ओके आहे, टीव्ही जुना झालाय तुमचा." बाबांनी विचारलं मी २०० चे पैसे भरलेत त्याचं काय, तर म्हणे "वायफायवर एवढंच येतं." हे दुसरं वाक्य तर धादांत खोटं, पण ते पुढे सांगते.

आधी एक गोष्ट समजून घेतली की बाकीचं सोपं जातं. पूर्वी नेट कमी पडलं की व्हिडिओ थांबायचा आणि ते गोल फिरत बसायचं. आता सहसा थांबत नाही, धुरकट होतो. कारण सर्व्हरवर एकाच सिनेमाच्या बऱ्याच आवृत्त्या ठेवलेल्या असतात, हलक्या, मध्यम, भारी, आणि प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. ॲपलने २००९ मध्ये एचएलएस नावाची पद्धत आणली, २०१२ मध्ये डॅश नावाचं स्टँडर्ड आलं, आज जवळपास सगळं याच दोन पद्धतींवर चालतं. तुमचं ॲप आधीचा तुकडा किती वेगाने आला ते बघतं आणि पुढचा कुठल्या आवृत्तीतून मागायचा ते ठरवतं. म्हणजे चित्र खराब करायचा निर्णय तुमच्या टीव्हीला लावलेल्या, नेटवरचा व्हिडिओ टीव्हीवर आणणाऱ्या त्या बोटभर स्टिकमधलं ॲप घेतं, आणि ते स्वतःला काय मिळतंय तेवढंच बघून घेतं. सोफ्यावर तुमच्या हातातल्या फोनला किती मिळतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

मॅच आधी खराब होते आणि सिनेमा नंतर, तेही यामुळेच. सिनेमा ॲपला पुढचा पुढचा आधीच उतरवून ठेवता येतो, मधे नेट जरा गचकलं तरी साठ्यातून भागतं. लाइव्ह मॅचमध्ये पुढचा चेंडू अजून पडलेलाच नसतो, साठवणार काय? थोड्या सेकंदांचा साठा असतो, तो संपला की क्वालिटी धाडकन खाली. त्यामुळे घरात "फक्त मॅचलाच होतं, त्या ॲपचाच प्रॉब्लेम आहे" असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका.

तर टीव्हीवर मोजायचं कसं. यूट्यूबच्या टीव्ही ॲपमध्ये कुठलाही व्हिडिओ लावा, सेटिंगच्या चाकात जा, तिथे स्टॅट्स फॉर नर्ड्स म्हणून आहे ते चालू करा. कोपऱ्यात आकड्यांचा काळा चौकोन येतो. त्यातलं कनेक्शन स्पीड बघा, बफर हेल्थ म्हणजे किती सेकंदांचा साठा आहे ते बघा, आणि ड्रॉप्ड फ्रेम्स म्हणजे दाखवायची राहून गेलेली चित्रं बघा. स्पीड कमी आणि साठा शून्याकडे जातोय तर दुखणं नेटचं किंवा वायफायचं. साठा भरपूर आहे पण ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा पळतोय तर नेटला शिव्या देऊ नका, स्टिकच दमलीये. ती जुनी असेल, स्टोरेज गच्च भरलं असेल, नाहीतर नुसती तापली असेल. मे महिन्यात आमच्या कोपरखैरण्यात भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीच्या मागे हात घालून बघा, चटका बसतो, तिथे ती बिचारी ४के उलगडत बसलेली असते.

आमच्याकडे सोफ्यावर फोनला ८८ येत होते आणि हातभर पुढे टीव्हीच्या स्टिकला ४ ते ७. म्हणजे जे काय हरवत होतं ते हॉलमध्येच.

स्टिक उपसून बघितली तर तिला करंट टीव्हीच्याच यूएसबीतून दिलेला. बसवणाऱ्याने केलेलं, वायर लोंबकळायला नको म्हणून. दिसायला छान असतं ते. पण टीव्हीचा साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर द्यायला बनवलेला, आणि स्टिकबरोबर बॉक्समध्ये १ अँपिअरचा ॲडॉप्टर येतो तो काही शोभेला देत नाहीत. करंट कमी पडला की ती अधेमधे रिस्टार्ट होते, अडखळते, वायफाय मधेच सोडते. ॲडॉप्टर टीव्ही युनिटच्या ड्रॉवरमध्ये, पिशवीचा चिकटपट्टा न काढलेला, तसाच पडला होता. तो लावला.

दुसरं म्हणजे ती थेट एचडीएमआयच्या भोकात घुसवलेली होती, म्हणजे पुढे टीव्हीचा पत्रा, मागे भिंत, मधे दोन बोटं जागा. वायफायची लाट तिथपर्यंत जाणार कशी? एचडीएमआय एक्स्टेंडर म्हणून वीतभर वायर मिळते, बऱ्याच स्टिकबरोबर फुकट येते आणि लोक फेकून देतात. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर जराशी डोकावेल अशी सोडली. बाजूला यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क लटकत असेल तर तीही लांब करा, यूएसबी ३.० चा गोंगाट वायफायच्या २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ या पट्ट्यांपैकी २.४ वाल्यात सांडतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर रीतसर पेपरच काढला होता. आमची हार्ड डिस्क लग्नाच्या व्हिडिओची होती, ती कपाटात गेली, तसंही कोणी बघत नव्हतं.

एवढ्यावर आकडा २० च्या आसपास आला. चित्र सुधारलं, पण रात्री नऊनंतर परत पडायचं. आणि ही जी रात्रीची भानगड आहे तिचं उत्तर मला आमच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये सापडलं.

सिडकोच्या काळातल्या बिल्डिंगी ज्यांनी बघितल्यात त्यांना माहितीये, सगळ्या मजल्यांचा नकाशा एकच. डक्ट एका जागी, त्यातून नेटची वायर वर चढते, प्रत्येक मजल्यावर सेफ्टी डोअरच्या वर भोक पाडून आत येते, आणि नेटवाला राउटर तिथेच, दाराच्या डोक्यावर खिळा ठोकून टांगतो. आमचा तिथे, खालच्यांचा बरोबर त्याच्या खाली, वरच्यांचा बरोबर त्याच्या वर. एकाच्या डोक्यावर एक असा राउटरचा मनोराच. फोनवर वायफाय ॲनालायझर (आसपासची वायफाय दाखवणारं ॲप) उघडला तर ६ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे पट्ट्याच्या एका भागात, नावांचा नुसता ढीग, त्यात कोणाचं तरी "अण्णा_५जी" पण २.४ वरच. २.४ गीगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. बाकीचे नंबर दिसतात पण ते अर्धे अर्धे शेजारच्यात घुसलेले असतात. एकाच चॅनेलवर सगळे असले की पाळीपाळीने बोलावं लागतं, दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा चालून जातं, रात्री सगळे एकदम टीव्ही लावतात तेव्हा कोंडी. त्यात मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ पण याच पट्ट्यात. म्हणून ज्याला लोक "रात्री नेट स्लो होतं" म्हणतात त्यातलं बरंचसं भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचं वायफाय असतं. नेटवाल्याला कितीही फोन करा, त्याच्या हातात ते नाही.

मग करायचं काय, तर स्टिकला ५ गीगाहर्ट्झवर न्यायचं. तिथे जागा भरपूर आहे, आणि ते भिंतीतून कमी जातं म्हणून शेजाऱ्यांचंही आपल्याकडे कमी येतं. आमच्या राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव होतं, आणि एकच नाव असलं की कुठे चिकटायचं ते स्टिक ठरवते, आमची हट्टाने २.४ ला चिकटायची. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन नावं वेगळी केली, स्टिकला फक्त ५ वालं सांगितलं, जुनं विसरायला लावलं. चॅनेल ऑटोवरून काढून ३६ केला. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात, राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला तिथून उठावंच लागतं, आणि तो उठला की तेवढा वेळ मॅच गेली. त्यापेक्षा ३६ ते ४८ नाहीतर १४९ च्या पुढे बसावं. आणि राउटर दाराच्या डोक्यावरून काढून वायर वाढवून शोकेसच्या वर आणला, कारण मधे बेसिनचा मोठा आरसा आणि आजीचं लोखंडी कपाट होतं, ५ वाल्याला दोन्ही वैरी.

स्टिकवर ७० च्या पुढे आकडा दिसायला लागला. बाबा म्हणाले, "मग १०० चाच प्लॅन पुरला असता की." हो, अर्थात.

आता ते "वायफायवर एवढंच येतं". लॅपटॉप राउटरला थेट वायरने लावला तरी ९४ च्या वर जाईना, आणि ९४ हा आकडा दिसला की मला लगेच वास येतो, १०० एमबीपीएसच्या लॅन म्हणजे वायरवाल्या लिंकमधून हातात पडतो तो जास्तीत जास्त एवढाच. आमच्याकडे फायबर डक्टमधल्या स्विचपर्यंत (घराघरांत नेट वाटणारा डबा) येतो आणि पुढे साधी लॅन केबल. तिची राउटरकडची पिन निरखून बघितली तर पारदर्शक प्लॅस्टिकमधून आठाऐवजी चारच तारा आत गेलेल्या दिसल्या, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी मुळापासून कापून टाकलेली. चार तारांवर १०० चालतो, त्याच्या वर जायला आठही लागतात. म्हणजे प्लॅन २०० काय, १००० चा घेतला असता तरी घरात ९४ च आले असते. चित्राशी याचा काही संबंध नव्हता, पैशाशी होता. फोटो काढून पाठवला, दुसऱ्या दिवशी तोच मुलगा येऊन पिना बदलून गेला, "ताई, ते आधीच्या माणसाने केलेलं."

हे सगळं ठीक असूनही चित्र खराबच असेल तर बाकीच्या शक्यता पटकन सांगते. तुमचा प्लॅनच कमी क्वालिटीचा असू शकतो, ॲपच्या सेटिंगमध्ये डेटा सेव्हर चालू असू शकतो. बाजारात मिळणारे बेनामी अँड्रॉइड बॉक्स असतात त्यांना बहुतेक वेळा वाइडवाइन एल१ हे चोरी रोखण्यासाठीचं सर्टिफिकेट नसतं, एल३ असतं, मग यूट्यूब झकास दिसतं आणि पैसे भरून घेतलेली ॲप्स मात्र सहसा एसडीच्या, म्हणजे एचडीखालच्या जाडसर चित्राच्या, वर जात नाहीत. अशा बॉक्सला कितीही नेट पाजा, उपयोग शून्य. ४के साठी टीव्ही, स्टिक आणि मधलं जे काय यंत्र असेल त्या सगळ्यांना एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं कुलूप) लागतं, आणि जुन्या ४के टीव्हींत बऱ्याचदा एकाच पोर्टला ते असतं, म्हणून पोर्ट बदलून बघणं हा फुकटचा उपाय आहे.

आणि नेटवाल्याची खरंच चूक असते तेव्हा? ती पकडायची पद्धत अशी की लॅपटॉप वायरने लावून रात्री दोन टेस्ट घ्यायच्या. नेहमीच्या स्पीडटेस्टचा सर्व्हर पुष्कळदा नेटवाल्याच्याच नेटवर्कमध्ये बसलेला असतो, तिथे आकडा गोंडसच येणार. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. पहिला भरपूर आणि दुसरा लुळा पडलेला दिसला तर बहुतेक त्याची बाहेरची लाइन रात्री भरतेय, मग खुशाल भांडा. फक्त लॅपटॉपमध्ये किंवा राउटरमध्ये परदेशातला कुठला तरी डीएनएस (वेबसाइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) टाकून ठेवला असेल तर आधी तो काढा, त्याने कधीकधी जवळचा सर्व्हर सोडून लांबचा गळ्यात पडतो. नवी मुंबईत राहून लांबचा सर्व्हर म्हणजे विनोदच आहे, महापे, रबाळे, ऐरोली, ठाणे-बेलापूर रोडने रिक्षाने गेलात तरी दोन्ही बाजूंना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात, आणि शेजारच्या सेक्टरमध्ये माणूस ४८०पी बघत बसलेला.

हॉलचं काम झालंय. आतल्या खोलीतल्या टीव्हीचा प्रश्न तसाच आहे, तिथे मधे आरसीसीचा कॉलम येतो आणि ५ वालं पोचत नाही, २.४ वर परत तीच कोंडी. तिथे मी वायफायच्या नादी लागणार नाहीये. टीव्हीचा लॅन पोर्ट १०० चाच आहे, पण ४के ला १५ लागतात म्हटल्यावर तो पुरून उरतो. दिवाळीआधी रंग काढायचाय तेव्हा पट्टी मारून केबल टाकून घेणार, आठही तारांची, आणि पिना लावताना मी स्वतः शेजारी उभी राहणार.