शुगर असून पर्समध्ये साखर कशाला? विचारलंत म्हणून सांगते

शेजारणी विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात, परवा खानापूरच्या बसमध्ये शेजारच्या काकूंनी पण विचारलं, तुला शुगर हाय नव्हं, मग ही ग्लुकोजची पुडी कशाला. आधी मी आवळा सुपारी आहे म्हणून झाकायचे. आता सांगूनच टाकते.

मला इन्सुलिन आहे. ते टोचल्यावर जेवण वेळेवर पोटात गेलं नाही की शुगर उतरते. 70 च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, अजून उतरली तर डोकंच चालत नाही, कारण मेंदूला ग्लुकोज लागतं. तुम्हाला फक्त वाढलेली शुगर माहितीय, त्यात तुमची चूक नाही. थोडी आहे.

भाचीच्या लग्नात अक्षता पडल्या, कोणीतरी म्हणालं पानं मांडलीत, चला, म्हणून मी इंजेक्शन घेतलं. आणि मग पहिली पंगत नवऱ्याकडच्यांची, मग आहेर, मग फोटो, पर्स खोलीत कुलपात आणि किल्ली घेऊन करवली कुठं गेली पत्ता नाही. घाम आला तेव्हा वाटलं मे महिनाच आहे की. नंतर भाताच्या वासानं रडूच यायला लागलं, तेव्हा कळलं. आचाऱ्याकडं गेले, साखरेच्या पोत्यात हात घातला, मूठ तोंडाकडं नेणार तर मावशीनं मनगट धरलं. "मरायचंय काय गं तुला?" सगळ्यांसमोर. बोलायला गेले तर जीभ वळेना. मी तिला ढकललं, सोड गं म्हातारे म्हटलं म्हणे, मला आठवत नाही. आठवतंय ते तोंडात करकरणारी साखर आणि तांब्या घेऊन उभा असलेला आचारी. "लो झाली काय ओ ताई? आमच्या आईला पण होतंय." अख्ख्या मांडवात त्या एकट्याला कळलं.

मावशीचं पण खोटं नाही. शुगरनं काकांचा पाय कापावा लागला, त्यांच्या हातून ती पेढे काढून घ्यायची ते मी बघितलंय. तरी राग जात नाही. कधी वाटतं आधीच सगळ्यांना सांगून ठेवायचं होतं, मग वाटतं, का म्हणून, लग्नात दवंडी पिटू काय?

आणि लो झाल्यावर कुंदा आणून देऊ नका हो. आवडतो मला, पण खव्यातल्या फॅटमुळं साखर हळू चढते. तीन-चार चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, 70 च्या खालीच असेल तर परत तेवढीच, मग जेवण. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, घशात अडकतं, कुशीवर वळवून 108 ला फोन.

मावशीला हे सगळं सांगितलं. "बरं बाई," म्हणाली आणि चहा बिनसाखरेचाच दिला. तेव्हा माझी 140 होती म्हणा, म्हणजे बरोबरच दिला.