वाघोटण खाडीचा भरतीमापक, नोंद ४ : एक जेटी, दोन पेट्या

गणपतीच्या सुट्टीत खाडीचं पाणी मोजायला लावलेला ऊनो (आर्डुइनोचा छोटा संगणक-बोर्ड) पहिलं माप घेऊन गप्प का बसला, ते अखेर सापडलं. दर मिनिटाला माप घ्यायचं म्हणून मी डिलेच्या (बोर्डाला तेवढे मिलिसेकंद थांबवणाऱ्या आज्ञेच्या) कंसात ६० गुणिले १००० लिहिलं होतं. ऊनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा, त्याची धाव ३२,७६७ पर्यंतच. साठ हजार त्यात मावत नाहीत, गुणाकार उलटून उणे ५,५३६ होतो. डिलेला उणं कळत नाही, त्यामुळे तो त्याचे ४२९ कोटी मिलिसेकंद करतो, म्हणजे जवळजवळ ५० दिवस. बिचारा झोपला होता आणि मी इकडे वायरी, सेन्सर, बॅटरी सगळं उसवून बसलो होतो.

इलाज काय, तर १००० च्या शेपटीला यूएल ही दोन अक्षरं, म्हणजे आकडा ३२ बिटांचा धरला जातो. आर्डुइनोवाल्यांना हा रोग इतका पाठ आहे की लक्षणं अर्धी ऐकूनच औषध सांगतात. हाच कोड ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डावर टाकला तर काही होत नाही, तिथे पूर्णांक ३२ बिटांचा. मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे अशा छोट्या बोर्डांसाठीच्या पायथन भाषेत, तर पूर्णांक हवा तेवढा फुगतो.

तेव्हाच ठरवलं, एकाच जेटीवर दोन पेट्या लावायच्या. दोन्हीत ईएसपी३२, दोन्हीला जेएसएन-एसआर०४टी हा पाण्याला न घाबरणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, जो आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो. एकीत आर्डुइनोचा कोड, दुसरीत मायक्रोपायथन. (ऊनोवर मायक्रोपायथन चढवायचा प्रश्नच नाही. त्याला १६ केबी तरी रॅम लागते, ऊनोकडे आहे २ केबी.) मुदत कोजागिरी ते दिवाळीची अमावास्या, म्हणजे एक उधाण (मोठी भरती-ओहोटी), मधला भांग (लहान भरती-ओहोटी) आणि परत उधाण.

पहिल्याच दिवशी मायक्रोपायथनने दोन रंग दाखवले. सकाळी गेलो तर फाईल रिकामी. चूक माझीच: फाईल उघडून ओळ लिहिली आणि बंद न करता बोर्डाला डीप स्लीपमध्ये, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या गाढ झोपेत, पाठवलं. लिहिलेलं सगळं रॅममध्येच राहिलं आणि झोपेबरोबर गेलं. पण दुरुस्ती तिथेच झाली. जेटीच्या कठड्यावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, बोर्डाशी थेट बोलता येतं. एक ओळ टाइप केली की उत्तर समोर. ना कंपाइल, ना अपलोडची वाट.

याच गप्पांत एक गोष्ट कळली, जी घरी टेबलावर कधीच कळली नसती. पाणी त्याच पातळीला असताना पहाटेचं आणि दुपारचं माप जुळेना. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. पहाटे २२ अंश, दुपारी पत्र्याखालच्या पेटीपाशी ३४. तीन मीटर अंतरावर फरक पडतो सहा सेंटिमीटर! डीएस१८बी२० तापमापक जोडला. त्याचं मॉड्यूल ईएसपी३२ च्या मायक्रोपायथनमध्ये आधीच असतं, पाच मिनिटांत काम झालं. आर्डुइनोच्या पेटीसाठी मात्र दोन लायब्रऱ्या (तयार कोडचे गठ्ठे) उतरवायच्या, आणि जेटीवर मोबाईलला रेंज एका खांबापाशीच मिळते. त्या खांबाला टेकून उभं राहून उतरवल्या.

दोन्हीकडच्या माणसांची तऱ्हाच वेगळी. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावच्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत जन्मलं, प्रोग्रामिंग न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. तो स्वभाव अजून तसाच आहे: अख्खा कोड तुमच्या हातात ठेवतात, ‘चालतंय, घ्या’ म्हणतात. का चालतंय ते विचारायचं नाही. एका सेन्सरला चार लायब्रऱ्या, त्यातली कुठली जिवंत हे आपण शोधायचं. मायक्रोपायथन डेमियन जॉर्ज या भौतिकशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे करून आणलं. तिथे गर्दी कमी. प्रश्न विचारला की आधी उलटतपासणी: कुठला बोर्ड, कुठली आवृत्ती, नेमका एरर काय. सुरुवातीला राग येतो. पण ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर चालवणारा कोड, बहुधा इतका आटोपशीर असतो की जेवण होईपर्यंत वाचून होतो, आणि मग तो आपला होतो.

भाऊबंदकी दोन्हीकडे आहे, आपल्या कोकणाला शोभेल अशी. आर्डुइनोच्या नावावरून दोन कंपन्या भांडल्या, २०१६ मध्ये समेट झाला. मायक्रोपायथनमधून अॅडाफ्रूट या कंपनीने सर्किटपायथन नावाची वेगळी चूल मांडली. आणि गंमत म्हणजे आर्डुइनो कंपनी स्वतःच आता काही बोर्डांवर मायक्रोपायथन चालवू देते. भांडतोय ते आपणच.

वद्य षष्ठीला संध्याकाळी काका जाळं घेऊन जेटीवर आले.

“काय रे, तुझा मशीन काय सांगता? आज षष्ठी, साडेचाराक भरती.”

भरतीची वेळ काढायचा काकांचा हिशोब: तिथीची पाऊणपट, सहा त्रिक अठरा भागिले चार. आर्डुइनोच्या पेटीने पूर्ण भरती नोंदवली चार वाजून सहा मिनिटांनी, मायक्रोपायथनच्या पेटीने पाचला दोन कमी. पाणी माझ्या घड्याळात पावणेपाचच्या सुमारास फिरलं. काका काही बोलले नाहीत, जाळं झटकत राहिले.

दोष भाषेचा नव्हे. डीप स्लीपमध्ये ईएसपी३२ वेळ मोजतं ते आतल्या आरसी ऑसिलेटरवर (ठोके देणाऱ्या साध्या सर्किटवर), आणि तो उन्हा-थंडीने हलतो. दोन बोर्डांचे दोन स्वभाव, एक मागे पडला, एक पुढे पळाला. यावर दोन्ही बिरादऱ्यांचं उत्तर एकच: डीएस३२३१ घड्याळ लावा. तेही मी आधीच लावायला हवं होतं, पण दोनशे रुपये वाचवले होते.

अमावास्येपर्यंत दोन्ही पेट्या चालल्या. नंतरच्या आठ दिवसांत आर्डुइनोची एकही नोंद चुकली नाही. मायक्रोपायथनच्या तीन चुकल्या, कारण अजून सापडलेलं नाही. उधाणाला चढउतार सुमारे दोन मीटर, भांगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. घड्याळं मागवली आहेत. तोवर दोन्ही पेट्या घरी आणून उघडल्या, तर मायक्रोपायथनच्या पेटीत मुंग्यांनी अंडी घातलेली.