पहिला बेस चोरणारा शेफर

आजचा अख्खा रविवार हर्मन ऊर्फ 'जर्मनी' शेफर या शिकागोत जन्मलेल्या बेसबॉलपटूची कारकीर्द वाचण्यात गेला. १९०१ ते १९१८ या काळात शिकागो, डेट्रॉइट, वॉशिंग्टन अशा संघांतून खेळलेला हा माणूस मुळात इनफिल्डमधला, म्हणजे बेसजवळच्या भागात क्षेत्ररक्षण करणारा, आणि रिकामी पडलेली जागा कोणतीही असो, ती भरून काढणारा भरवशाचा गडी. डेट्रॉइटकडून तो १९०७ आणि १९०८ च्या वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका) खेळला व दोन्हींत हरला. त्याची कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी .२५७, म्हणजे बेताचीच.

मला मात्र दिवसभर ४ ऑगस्ट १९११ चा सामना सोडवेना. वॉशिंग्टन संघातला त्याचा सहकारी क्लाइड मिलान तिसऱ्या बेसवर (बेस म्हणजे धाव घेताना गाठायचा टप्पा) आणि शेफर पहिल्यावर असताना शेफरने दुसरा बेस चोरला, म्हणजे चेंडू फटकावला गेलेला नसताना पळून तो गाठला. कॅचरने (फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणाऱ्याने) तिकडे चेंडू फेकावा आणि तेवढ्यात मिलानने घर, म्हणजे धाव पूर्ण होते तो शेवटचा टप्पा, गाठावे, असा त्याचा डाव होता, पण कॅचर काही फसला नाही. तेव्हा तोच डाव पुन्हा टाकण्यासाठी शेफर चक्क उलटा पळत पहिल्या बेसवर परतला! प्रतिस्पर्धी मॅनेजर वाद घालायला मैदानात उतरला, गोंधळ माजला आणि त्या गडबडीत घराकडे धावलेला मिलान बाद झाला. एवढा खटाटोप वाया गेला, तरी पुढे १९२० मध्ये अशा उलट्या धावण्याला नियमानेच बंदी आली. बेताच्या सरासरीच्या किती खेळाडूंच्या वाट्याला हे येते?

१९१३-१४ च्या विश्वदौऱ्यात शेफर असलेला बेसबॉलपटूंचा चमू कोलंबोपर्यंत येऊन गेला होता, हे वाचून मला उगाचच चुटपुट लागली.