आमची वाटचाल: आधी ऐकायचं, मग उघडायचं

आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर डाव्या हाताला एक पत्र्याचा डबा असतो. त्यात दोन खात्रीची मेमरी कार्डं, तीन-चार चार्जिंगच्या वायरी आणि ज्याचा आवाज आम्हाला तोंडपाठ आहे असा एक साधा इअरफोन आहे. गाणी ऐकायचा कुठलाही प्लेअर आला की आधी हा डबा उघडतो, स्क्रूड्रायव्हरची पाळी नंतर येते. ही शिस्त अंगी बाणायला आम्हाला दोन वर्षं लागली, आणि त्यापायी एका गिऱ्हाइकाचा चांगला प्लेअर आमच्या हातून गेला.

मी आणि माझा मामेभाऊ, आम्ही दोघांनी मिळून हे काम सुरू केलं तेव्हा मोबाईल दुरुस्त करत होतो. त्याचा हात सोल्डरिंगला हलका, मला गाण्याचा नाद. २०१६ साली आयफोन ७ मधून इअरफोनचा ३.५ मिलिमीटरचा जॅक गेला आणि पाठोपाठ इतर फोनमधूनही जायला लागला. ज्यांनी चांगले वायरवाले इअरफोन जपून वापरले होते, ते लोक वेगळ्या प्लेअरकडे वळले. अशा प्लेअरमध्ये आकड्यांच्या रूपातलं गाणं आवाजाच्या लहरीत बदलणारी डॅक चिप आणि इअरफोनला ताकद देणारा ॲम्प्लिफायर हेच मुख्य काम असतं, बाकी सगळं त्यांच्या दिमतीला. मोबाईलच्या रांगेत मधूनच एखादा असा प्लेअर यायचा आणि तो दिवस मला चांगला जायचा.

पहिला मोठा धक्का अशाच एका प्लेअरने दिला. तक्रार होती: चालू होतो, गाण्यांची यादी बनवायला घेतो, ठरावीक ठिकाणी अडकतो आणि बंद पडतो. आम्ही मागची काच गरम करून सोडवली, आत शिरलो आणि स्क्रीनची रिबन, म्हणजे तिला बोर्डाशी जोडणारी पातळ पट्टी, फाटली. त्या मॉडेलची स्क्रीन सुटी मिळत नव्हती. दोन दिवसांनी, निव्वळ कुतूहलापोटी, त्यातलं कार्ड मी दुसऱ्या प्लेअरमध्ये घातलं. तोही तिथेच अडकला. कार्ड बनावट होतं. वर २५६ जीबी छापलेलं, आत जागा त्याच्या पाव हिश्शाचीही नव्हती. असं कार्ड लिहून घेताना तक्रार करत नाही. खरी जागा संपली की पुढची गाणी नुसत्या नावापुरती उरतात. प्लेअरमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. बिघाड आम्ही केला.

त्या गृहस्थांना आम्ही तोच प्लेअर नवा घेऊन दिला. त्या महिन्यात आम्हा दोघांच्या घरी काहीच गेलं नाही. फाटक्या रिबनचा प्लेअर मात्र ठेवून दिला.

तेव्हापासून नोंदवहीत एक रकाना आला: ‘उघडला’ किंवा ‘उघडला नाही’. आणि वस्तू हातात घेण्याआधी विचारायचे प्रश्न ठरले. कधीपासून होतंय? त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं, नवं कार्ड, नवी वायर, नवं फर्मवेअर म्हणजे प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर? सगळ्याच गाण्यांना होतं की काहींनाच? दुसऱ्या इअरफोनवरही होतं का? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हा नियम मामेभावाने लावला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि प्लेअर चालू झाला, तर काय चुकलं होतं ते कायमचं कळत नाही, असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे.

या प्रश्नांनी काय काय उलगडलं! एक निवृत्त शिक्षक आले होते. म्हणाले, “अहो, प्रत्येक गाणं दोनदा दिसतंय, आणि त्यातलं एक वाजतच नाही.” दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, एकाने मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलेलं. मी विचारलं, “काका, गाणी कोणत्या कॉम्प्युटरवरून भरता?” मुलाच्या मॅकवरून, असं उत्तर आलं. मॅक अशा कार्डावर प्रत्येक फाईलबरोबर टिंब आणि अधोरेघेने सुरू होणारी एक छोटी सावली-फाईल ठेवतो. मॅकवर ती दिसत नाही, प्लेअरला दिसते, आणि तो तिलाही गाणं समजतो. आम्ही त्या फाईली पुसल्या, यादी नव्याने बनवून घेतली. दहा मिनिटांचं काम. काकांनी तिथेच उभं राहून अख्खं एक गाणं ऐकलं.

यादी बनवताना अडकणाऱ्या प्लेअरमागे असंच काही ना काही निघतं. कधी गाण्यात चिकटवलेलं मुखपृष्ठाचं चित्रच इतकं मोठं असतं की प्लेअरची मेमरी कमी पडते. कधी एखादी फाईल अर्धीच उतरलेली असते. फ्लॅक, म्हणजे मूळ आवाज जसाच्या तसा साठवणाऱ्या फाईलची यात मोठी सोय आहे. मूळ आवाजाची आकड्यांची एक खूण फाईलमध्येच ठेवलेली असते, त्यामुळे फाईल उलगडून ती खूण जुळते का हे तपासता येतं. ‘मध्येच खर्रकन आवाज येतो’ ही तक्रार आली की मी आधी ती फाईल तपासते. ओहममीटर नंतर.

खरे बिघाडही असतात, आणि त्यांचा मान वेगळा. एका कानातला आवाज जातो, वायर जरा पिळली की परत येतो, ही जॅकची नेहमीची तक्रार. डब्यातल्या इअरफोनवरही तसंच झालं तर मात्र उघडायचं. भिंगाखाली बोर्ड धरला की जॅकच्या पायाभोवतीच्या सोल्डरमध्ये केसाएवढी गोल रेघ दिसते. सोल्डर चकाकत असतं, वरून कुणी म्हणणार नाही की इथे काही सुटलंय. चिमट्याने पाय जरा हलवला की ती रेघ उघडमीट करते. जुनं सोल्डर पूर्ण काढून नवं भरायचं. वरवर डाग देऊन भागवलं की तो प्लेअर लवकरच परत येतो.

४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकबद्दल मी गिऱ्हाइकांना आवर्जून बजावते. त्यात डाव्या-उजव्या कानाच्या उलट बाजूच्या, म्हणजे निगेटिव्ह, तारा वेगवेगळ्या असतात आणि दोन्हींमागे ॲम्प्लिफायर काम करत असतो. तिथे जोड लावून साधा ३.५ चा इअरफोन घातला की त्या दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि ॲम्प्लिफायर जळू शकतो. असा जोड आम्ही ठेवत नाही, मागितला तरी देत नाही. उलट दिशेचा, म्हणजे बॅलन्स्ड वायर साध्या जॅकला लावणारा, चालतो.

चार्जिंगचं एक सांगते, कारण त्यात लोक उगाच बॅटरी बदलून घेतात. ‘नव्या चार्जरने चार्जच होत नाही.’ दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली वायर लावल्यावर चार्जर आधी समोरच्या यंत्रात ५.१ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा एक बारीक भाग, शोधतो. तो मिळाला नाही तर वीज सोडत नाही. काही प्लेअरमध्ये तो बसवलेलाच नसतो. एका टोकाला जुना रुंद यूएसबी असलेली वायर लावा, चार्ज सुरू होतो. फुगलेल्या बॅटरीला मात्र आम्ही थारा देत नाही. स्क्रीन कडेने उचललेली दिसली की चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, त्याच दिवशी बॅटरी बाहेर. मापाची बॅटरी मिळाली नाही तर काम परत करतो.

धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात अवघड प्रश्न पैशांचाच होता. वायर बदलून प्लेअर चालू झाला, त्याचे पैसे कसले? सुरुवातीला आम्ही घेत नव्हतो, आणि दिवसभर राबून गल्ला रिकामा. मामेभावाला घ्यायला संकोच वाटायचा. शेवटी ठरवलं की तपासणीची एकच रक्कम, ती आधी सांगायची, उघडला तरी तीच, नाही उघडला तरी तीच. काही लोक गेले. राहिले त्यांनी इतरांना पाठवलं. उघडून बिल वाढवण्यात आता आमचा काही फायदाच नाही, हे लोकांना आपोआप कळतं.

२० ऑक्टोबर २०२० ला जपानमधल्या नोबेओका इथे असाही कासेई मायक्रोडिव्हाइसेसच्या कारखान्याला मोठी आग लागली. कित्येक चांगल्या प्लेअरमधल्या डॅक चिपा तिथेच बनत. पुढे बऱ्याच कंपन्यांनी मॉडेलच बदलून दुसऱ्या चिपा वापरल्या, पण जुने प्लेअर दुरुस्त करणाऱ्यांनी काय करायचं? त्या काळात चिप जळलेला एक प्लेअर आमच्याकडे अडकून पडला. मिळत होत्या त्यांची खात्री नव्हती. तेव्हा तो फाटक्या रिबनचा प्लेअर आठवला. चिप तीच होती. गिऱ्हाइकाला सगळं खरं सांगितलं, त्यांनी होकार दिला. मामेभावाने गरम हवेने चिप उतरवली, चारही बाजूंचे बारीक पाय एकेक करून साफ केले. बसवल्यावर पहिल्यांदा फक्त डाव्या कानात आवाज आला. भिंगाखाली बघितलं तर दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झालेला. तो ओढून घेतला, आणि उजवा कान उघडला.

आता आम्ही तिघं आहोत. गेल्या वर्षी शिकायला आलेली मुलगी फोनवरच्या तक्रारी घेते. काल एका बाईंचा फोन होता, प्लेअरचा आवाज अचानक अगदी कमी झालाय. तिने प्रश्न विचारत विचारत काढलं की नव्या फर्मवेअरने आवाजाची मर्यादा परत चालू केली होती आणि गेन, म्हणजे ॲम्प्लिफायर आवाज किती वाढवतो तेही, ‘लो’ वर नेला होता. बाईंनी फोनवरच दोन्ही बदलले. मी टेबलावर होते, मला पलीकडून गाणं ऐकू आलं. तिने नोंदवही ओढली, तारीख घातली आणि रकान्यात लिहिलं, ‘उघडला नाही’.